तिसऱ्या डब्याचा आकडा

सुजाताताई,

परवा, तुम्ही गेल्याला दीड महिना झाल्यावर, विश्रांतवाडीच्या विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं, आणि मी जवळजवळ दोनच बोलले. "मॅडम फार काटेकोर होत्या," असं म्हणून हात जोडले आणि खाली बसले. माझ्याआधी बोलणाऱ्यांनी तुमचं शिक्षण, नोकरी, पदं, परदेशातल्या परिषदा असं सगळं व्यवस्थित सांगितलं होतं. मी बसल्याबसल्या मात्र तुमचा आवाज स्पष्ट ऐकला. "काटेकोर म्हणजे किती काटेकोर, वसुधा? दशांशानंतर कितव्या घरापर्यंत?" तेव्हापासून चैन नाही. तिथे जे बोलता आलं नाही, ते इथे बोलते. मध्ये तोंड घालू नका. अर्थात, घातलंत तर मला हवंच आहे.

तुम्ही आणि मी गच्चीवरच्या त्या खोलीत नक्की काय करत होतो, हे आमच्या कसब्यातल्या आळीत कोणालाच कधी कळलं नाही. एकदा तुम्ही घरी आला होतात तेव्हा शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं, "तुम्ही दोघी दिवसभर आकाशाकडे बघता म्हणे. त्याचे पगार मिळतात?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही त्यांच्याजवळ सरकून बसलात. म्हणालात, "काकू, आकाश निरभ्र असलं की गच्ची लवकर गार पडते ना? आणि ढग असले की?" "नाही पडत." "कारण आकाशही आपल्याकडे उष्णता पाठवत असतं. ढगाळ असलं तर जास्त, कोरडं असलं तर कमी. डोळ्यांना ती दिसत नाही. आमचं यंत्र ती मोजतं. नुसती गोळाबेरीज नाही, तांदूळ वेगळे, डाळ वेगळी, तशी निवडून मोजतं. त्यावरून वर हवा किती गरम आहे, बाष्प किती आहे, ते कळतं." काकू म्हणाल्या, "मग यात भांडण्यासारखं काय आहे? ही वसुधा तर रोज तुमच्याशी भांडून आल्याचं सांगते." तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात! "मोजेपर्यंत काहीच नाही, काकू. मोजलेलं खरं कशावरून, तिथून भांडण सुरू होतं."

आमच्या विषयावर मी आजवर जी काही व्याख्यानं दिली, त्यातल्या एकातही हे इतकं नीट सांगता आलेलं नाही.

मोजलेलं खरं कशावरून, याच एका प्रश्नावर तुम्ही आयुष्य काढलंत. स्पेक्ट्रोमीटर नावाचं ते यंत्र स्वतःहून काहीच सांगत नाही. त्याला उष्णता दाखवली की ते एक संकेत देतं, पण त्या संकेताचा अर्थ किती अंश, हे त्याला दुसऱ्या कोणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी आतून काळे असलेले दोन डबे. पुस्तकात त्यांना कृष्णवस्तू म्हणतात, तुम्ही पहिल्या दिवसापासून डबेच म्हणालात. एक तापवलेला, एक हवेइतक्याच तापमानाचा. यंत्रातला छोटा आरसा आधी गरम डब्याकडे बघतो, मग साध्या डब्याकडे, मग आकाशाकडे. दोन डब्यांचं तापमान आपल्याला ठाऊक असतं, त्या दोन ठिपक्यांतून रेघ ओढायची आणि आकाशाचा संकेत त्या रेघेवर बसवायचा. जगभर असंच करतात. दोन डब्यांवर जग खूश आहे.

तुम्ही नव्हतात. तुम्हाला तिसरा डबा हवा होता.

तुमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेज तपासायचे. सुटा भाग बरोबर मापाचा आहे की नाही ते गेज लावून बघायचं, आणि ते गेज स्वतः झिजलंय का, हे मास्टर गेज लावून बघायचं. मास्टर गेज कपाटात. त्याला रोजच्या कामाला लावायचं नाही, म्हणजे ते झिजत नाही. "बाबा सांगायचे, जो कामाला लागला तो थकणार. थकलेल्याची तपासणी न थकलेल्याने करायची," असं तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. मला वाटलं, भावनेच्या भरात बोलताहेत. मग लक्षात आलं की तुम्ही आराखडा मांडत होतात. गरम डबा रात्रंदिवस तापलेला, तो थकणार. साधा डबा उन्हापावसाच्या हवेत, तोही थकणार. तिसरा कपाटात राहील, आणि महिन्यातून एकदा बाहेर येऊन या दोघांना विचारेल की बाबांनो, खरं बोलताय ना?

तो डबा करून घ्यायला मीच तुम्हाला आमच्या भागातल्या तांबटांकडे नेलं होतं. ठोक्यांच्या आवाजात तुम्ही ओरडून मापं सांगत होतात. जाड तांबं, आतून शंकूसारखा निमुळता, तोंड लहान. तांबटकाकांनी विचारलं, "यात शिजवायचं काय?"

"काही नाही. रिकामाच ठेवायचा आहे."

"रिकामा ठेवायला इतकं जाड तांबं कशाला हो बाई?"

"आतून सगळीकडे सारखा तापायला हवा म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. डबा मात्र त्यांनी झकास करून दिला, आणि आपण तो रिक्षात मांडीवर घेऊन आलो. तुम्ही वाटेत दोनदा आत डोकावून बघितलंत. आत रंग कोणता द्यायचा यावर आपण पुढे महिनाभर वाद घातला, तो तुम्ही जिंकलात. बाहेरून पाणी खेळवायची सोय केलीत, म्हणजे पाणी जितकं गरम तितका डबा गरम. आणि मग तो नियम आणलात, ज्याच्यामुळे तुमच्यावर इतका जीव जडला आणि ज्याच्यामुळे मी कित्येकदा पाय आपटत जिना उतरले.

नियम असा, की तिसऱ्या डब्याचं तापमान एकीने लावायचं आणि दुसरीला सांगायचं नाही. तापमान दाखवणारा मीटर भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. दुसरीने यंत्रावरून मोजून आपला आकडा आधी मोठ्याने सांगायचा, आणि मगच पहिलीने मीटर फिरवायचा. "उत्तर माहीत असलं की डोळे लाचार होतात," असं म्हणायचात. लावणाऱ्या तुम्ही, मोजणारी मी. मी आकडा काढत असताना तुम्ही स्टुलावर बसायचात आणि तुमच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. मी तुमच्या भुवयांवरून अंदाज घ्यायचा प्रयत्न करायचे, खोटं कशाला सांगू. काही हाती लागायचं नाही. माझा आकडा सांगून झाला की तुम्ही क्षणभर थांबायचात, मग मीटर फिरवायचात. जुळलं तर म्हणायचात, "ठीक." नाही जुळलं तर, "पुन्हा." शाबासकी नाही, ओरडा नाही. "ठीक" ऐकण्यासाठी मी किती आसुसलेली असायचे, हे तुम्हाला कधी कळलं होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

तुम्ही लोकांशीही तशाच वागायचात. आपल्याकडे पाहुणे म्हणून आलेले ते ज्येष्ठ सर आठवतात? जेवणाच्या टेबलावर त्यांनी गोड आवाजात तुमच्याकडे चौकशी केली, "गायकवाड म्हणजे नक्की कुठले?" पुण्यात हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते टेबलावरच्या वाटीतल्या आमटीलाही ठाऊक होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "विश्रांतवाडीचे." आणि त्यांना कोशिंबीर वाढलीत.

दुपारी त्यांना यंत्र दाखवताना त्यांनी विचारलं, डब्याला आतून पांढरा रंग दिला तर काय होईल. तुम्ही म्हणालात, "फारसं काही नाही. या किरणांत पांढरा रंगही काळाच असतो. बर्फसुद्धा काळा. माणसाची कातडीही, सर. तुमची, माझी, हिची, सगळ्यांची सारखीच काळी. यंत्राला आपल्यात फरक करताच येत नाही." आवाजात कुठेही धार नव्हती. वर्गात धडा सांगावा तसं सांगितलंत. सर म्हणाले, "इंटरेस्टिंग." मी बाहेर गॅलरीत जाऊन पोटभर हसून आले, आणि आले ती तुमच्याबद्दलच्या अभिमानाने छाती फुगवून आले. तुम्ही म्हणालात, "काय झालं? खरंच आहे ते."

आता त्या भांडणाकडे येते, जे अर्धंच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यापासून तिसरा डबा जुळेनासा झाला. फरक अगदी थोडा, पण दर वेळी त्याच बाजूला. तुम्ही म्हणालात, गरम डब्याचा तापमापी सरकलाय. म्हणजे त्या उन्हाळ्यापासूनची आकाशाची सगळी मापं संशयाखाली. त्यांच्यावर "शंकास्पद" असा शिक्का मारायचा, म्हणजे ती वापरणाऱ्याला आधीच कळेल. मी उसळले. कारण त्याच मापांवर माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचा निष्कर्ष उभा होता. पुण्यावरचं उन्हाळ्यातलं आकाश रात्री पूर्वीपेक्षा जास्त उष्णता खाली पाठवतंय, हे मला दाखवायचं होतं. लेख लिहून नियतकालिकाकडे गेलाही होता. शिक्का बसला की त्यातला कणाच निघणार होता.

मी म्हटलं, "तिसऱ्याचाच तापमापी बिघडला असेल. त्याला काय सोनं लागलंय?"

"असेल की. मग बर्फात घालून बघू. वितळत्या बर्फात शून्य दाखवलं तर तो बरा आहे."

"आणि फरक इतकासाच आहे."

"डब्यांपाशी इतकासाच. आकाश दोन्ही डब्यांहून गार असतं, वसुधा. तिथपर्यंत रेघ लांबवत नेलीस की तो केवढा होतो ते बघ."

हे मला तुम्ही सांगावं? मला ठाऊक होतंच. म्हणूनच तर राग आला होता. मी म्हटलं, तुम्हाला आकाशापेक्षा डबे प्यारे आहेत. तुम्ही म्हणालात, "हो. आकाश कुठे जात नाही." मग तुमचं दुखणं निघालं, बर्फाची चाचणी राहिली, आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत ती राहतच गेली.

शेवटी भेटायला आले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. हात केवढे बारीक झाले होते. मी ठरवून आले होते की हार मानायची. म्हटलं, "ताई, मी शिक्का मारून टाकते. तुम्ही म्हणता तसंच करते." मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. तुम्ही चिडलात. आवाज नव्हता, तरी चिडलात.

"मला बरं वाटावं म्हणून मारणार? मापांना माझ्या तब्येतीशी काय देणंघेणं? मोज आणि मग मार. नाही फरक निघाला तर मारू नकोस. मी असेन नाहीतर नसेन."

त्यानंतर आपण तुमच्या नातीच्या शाळेबद्दल बोललो, दवाखान्यातल्या बेचव उपम्याबद्दल बोललो. तुमचा हात हातात घेऊन जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. आता सांगते. तुमच्याइतकं सरळ माणूस मी पाहिलं नाही, आणि तुमच्यासारखं व्हावं असं मला रोज वाटत आलंय.

तुम्ही गेल्यावर मी पंधरवडाभर गच्चीवर चढले नाही. मग चढले. आधी बर्फ. रसवंतीचा बर्फ तुम्ही चालवून घेतला नसतात, म्हणून प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी घरी आणून माझ्या फ्रीजमध्ये मटारांशेजारी गोठवलं. घरच्यांना बजावलं, याला कोणी सरबतात घालायचं नाही. तो फोडून त्यात तिसऱ्या डब्याचा तापमापी बुडवला. शून्य. नीट, शहाण्या मुलासारखं शून्य. माझा सगळ्यात आवडता मुद्दा तिथेच संपला.

राहिली खरी चाचणी. आणि तिथे मी अडकले. डब्याचं तापमान लावणार कोण? मीच लावून मीच मोजलं तर मला उत्तर आधीच माहीत. त्यात आणखी एक गंमत होती. इतके दिवस तुमचं चुकलेलं असावं असं मला वाटत होतं. आता तुमचंच बरोबर निघावं असं वाटत होतं, इतकं की त्या भरात मी हवा तो आकडा वाचला असता. डोळे लाचार व्हायची इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. ऑफिसातल्या कोणाला बोलवावं, तर सगळ्यांना भांडण ठाऊक, आणि सगळे तुमच्यासाठी हळवे झालेले.

तेवढ्यात मिलिंदराव तुमचं सामान न्यायला आले. तुमची शाल, स्टीलचा पेला, खिडकीतली तुळस. बँकेतून निवृत्त झालेला तुमचा नवरा, ज्याला या खोलीत कशाचं काय होतं याचा पत्ता नाही आणि आपलं कशावरून वाजलं होतं याचाही नाही. मी विचारलं, "मिलिंदराव, जरा माझं एक काम कराल? तुम्हाला हवं ते तापमान लावा आणि मला सांगू नका."

"का सांगू नको?"

"सुजाताताईंचा नियम आहे."

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली.

त्यांना पाणी तापवायचं बटण दाखवलं आणि मी पाठ फिरवली. त्यांनी मीटर भिंतीकडे वळवला आणि ते तुमच्या स्टुलावर बसले. पाणी खेळून डबा स्थिर होईपर्यंत थांबलो. मग मी आरसा फिरवला. गरम डबा, साधा डबा, तिसरा डबा. आकडेमोड दोनदा तपासली आणि माझा आकडा मोठ्याने वाचला. मिलिंदरावांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. हे त्यांनी तुमच्याकडून घेतलं की तुम्ही त्यांच्याकडून, कोण जाणे.

"सांगू आता?"

"थांबा जरा," मी म्हणाले.

ते थांबले. माझा आकडा सांगून झाला आहे आणि तुमचा अजून यायचा आहे, एवढ्या वेळात आपण कधीही भांडलो नाही. रोज भांडणाऱ्या आपण दोघी तेवढ्या वेळापुरत्या एकाच बाजूला असायचो, जे खरं असेल त्याची वाट बघत. मला तो वेळ अजून थोडा हवा होता. मग मी मान हलवली.

त्यांनी मीटर फिरवला. फरक होता. तुम्ही म्हणालात तेवढाच, तुम्ही म्हणालात त्याच बाजूला.

मिलिंदराव माझ्या चेहऱ्याकडे बघून घाबरले. "माझं काही चुकलं का? बटण मी नीट दाबलं होतं."

"तुमचं काही नाही चुकलं. पुन्हा करायचं."

"हं," ते म्हणाले, "पोळीचं पीठ मळतानाही ती असंच म्हणायची." आणि परत पाठ फिरवायची खूण केली. संध्याकाळ उतरेपर्यंत आम्ही ते करत राहिलो. दर वेळी तेच आलं. शेवटी मी त्यांना सगळं सांगितलं, भांडण, दवाखाना, सगळं. त्यांनी शालीची घडी घालून ती हातावर घेतली. जाताना म्हणाले, पुढच्या महिन्यात तापमान लावायला लागलं तर बोलवा, मला वेळच वेळ आहे. तुळस त्यांनी खिडकीतच ठेवली.

लेख मी परत मागवला आहे. गरम डब्याला नवा तापमापी बसवलाय, पुढच्या उन्हाळ्यापासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. माझी निवृत्ती तोंडावर आली आहे, तेवढ्यात जमेल ते जमेल. आकाश कुठे जात नाही, हे तुमचंच वाक्य स्वतःला ऐकवत असते. जुन्या मापांवर शिक्का बसला आहे. जगात कोणीही ती उघडली तर पहिल्या ओळीत दिसेल, शंकास्पद, आणि त्यापुढे शंका घेणारीचं नाव, सुजाता गायकवाड.

शिक्का तुम्ही गेलात म्हणून मारलेला नाही, ताई. मोजून मारला. रडले मात्र तुम्ही गेलात म्हणून.